धुराचं इंधन करणारी मेघा

नाय नाय भामाबाई, पेट्रोल पंपावर नाय हो! आमची मेघा वाळूजला, प्रयोगशाळेत — पंपावर म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या जाऊबाईंनीच. अख्ख्या पडेगावात तेच सांगत फिरतात. अहो, इंधन बनवते ती. कशातनं? धुरातनं! हसा, मीबी हसले होते. धुराड्यातनं कार्बन डायऑक्साइड वाया जातो ना, तो धरायचा, सौर विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, दोन्ही एकत्र केले की मिथेनॉल — दिसतं पाण्यासारखं, पण गाडी चालते म्हणे. मला काय कळतंय? रोज जेवताना ऐकून ऐकून पाठ झालंय — चिवडा घ्या ना.

लग्नानंतर नोकरी? तेच सांगते. मागं जालन्याचे पाहुणे मेघाला बघायला आलते, त्यांनीबी हेच विचारलं. अन् आमचे हे लगेच — ‘सोडंल की!’ मेघा पोहे घेऊन दारातच उभी. दुसऱ्या दिवशी त्या मिथेनॉलची बाटली घेऊन आली, भर उन्हात अंगणात ताटलीत ओतलं, काडी लावली. ‘मम्मी, बघ.’ म्हणलं, कुठं पेटलंय? ‘वाकू नको!’ ओरडली — अन् मी वाकलेच! त्याचा जाळ उन्हात दिसतच नाय हो! पदर पेटला माझा. पोरीनं अख्खी बादली ओतली अंगावर. मी चिंब — लई हसलो दोघी. अन् हसता हसता ती एकदम रडायलाच लागली. ‘मम्मी, किती वर्षं खपले गं एवढ्याशा बाटलीसाठी. पप्पा एका शब्दात सोड म्हणले.’ तशीच ओल्या साडीनं आत गेले, जालन्याला फोन लावला, म्हणलं, जमणार नाय — आँ? व्हय, मघाशी हे म्हणले खरं, जालनेकरांनीच नकार दिला. त्यांना तसंच वाटतंय. हळू बोला की, बाहेरच बसलेत तुमच्या लेकासंगं, अतुलसंगं!

तर — नोकरी ती सोडणार नाय. अतुलला विचारा ना. त्याला काय विचारायचं? तुम्ही ठरवाल ते? बरं. बरं. — नाय, राग कशाचा. चहा संपवा निवांत. तुमची कन्नडची बस फाट्यावर थांबते, उतारानं चालत गेलं की आलंच. चिवडा बांधून देते थोडा, वाटेत खा. अहो, ऐकलं का! पाहुणे निघाले.