आवाज न करणारी स्कूटर

आमच्या शेठनी बॅटरीची स्कूटर घेतली आणि माझं काम जाता जाता राहिलं, ते सांगते तुम्हाला.

इथे गुजरातेत, कतारगामला, शेठ आणि त्यांच्या मोठ्या भावाच्या कारखान्यात आम्ही आठ जणी साड्यांना खडे चिकटवतो. शेठची जुनी बाईक कोपऱ्यावर वळली की फटफटाट वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. लगेच आमची तोंडं बंद, हात सुरू. मग शेठनी छतावर सोलर बसवलं, ही स्कूटर घेतली आणि रोज आम्हाला भाषण द्यायला लागले.

एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर मी पदर खोचला, पोट पुढे काढलं आणि त्यांचं भाषण सुरू केलं. "बेन, पेट्रोल परदेस से आता है! धूप तो अपने घर की है!" सगळ्या हसून लोळत होत्या. अचानक गप्प झाल्या. वळून बघते तर दारात हेल्मेट घेऊन शेठ! स्कूटर कधी आली, कळलंच नव्हतं.

मी झटकन पदर सोडला. घरी काय सांगू, नकला करताना काम गेलं?

शेठ म्हणाले, "फिर से करो."

"नको शेठ, चूक झाली."

"अरे, करो!"

मी कशीबशी केली. त्यांनी मान हलवली. "गलत. मैं 'धूप' नहीं बोलता, गुजराती में 'तडको' बोलता हूं." मग स्वतःच पोट काढून अख्खं भाषण करून दाखवलं. हसावं की नाही, आम्हाला कळेना.

शेवटी त्यांनी दार लावून घेतलं, स्टूल ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "मेरे बडे भाई की नकल आती है?"