मागच्याची मूठ

—आधी त्या टेम्पोवाल्याला सांगा, दोऱ्या सोडू नको म्हणावं. मशीन ताडपत्रीखाली निजलेलंच बरं हाये. तुमी बसा पास्टर. त्या पोत्यावर न्हाई, ते जनकाबाईचे गहू हायेत, त्याच्यावर माशी बसली तरी तिला घरी कळतं. इकडं बसा, खुर्चीवर. पँटीला पीठ लागंल, लागू द्या — गिरणीत येऊन कोरा गेला असा माणूस अजून जन्मला न्हाई. तुमच्या आधीचे पास्टर आले व्हते, वयस्कर, काळा कोट घालून. म्हणले, निर्मलाबाई, गिरणी चालूच राहू द्या, मी बायांना दोन शब्द सांगतो. मी म्हणलं, सांगा. आता लाईट न्हाई म्हणून तुमाला वाटून राहिलं की गिरणी म्हणजे अशी गरीब गाय, पण ही सुरू झाली की सेनगावच्या जीपवाल्यांना वाटतं मागून ट्रक आला, बाजूला घेतात गाड्या. तर ते बोलले. हात वर केले, खाली केले, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा फुगल्या. एक शब्द कुणाला ऐकू आला न्हाई. बाहेर पडले तर बुटापासून भुवयांपर्यंत पांढरे, अन् दारात जनकाबाईनं हात जोडून विचारलं, कोण्या गावचे देव तुमी? — खोटं वाटतं? बरं, देव न्हाई म्हणली. भूत म्हणली. मी मंडळीचा मान राखून सांगून राहिले.

हं, तुमचा सवाल. सेवा काय केली. ऐकलं मी, ऐकायला कमी येतं म्हणून न्हाई टाळलं. हिंगोलीच्या मंडळीत, आपल्या चर्चात, सगळे हेच विचारतात, मला माहीत हाये. सीमाताई लेकरांना गाणी शिकवते, धर्मसिंग तांड्यावर प्रार्थना घेतो, अन् निर्मलाबाई? निर्मलाबाई दळते. मग कुणाला तरी दया आली, म्हणले हिला नवं मशीन देऊ, वर फळी लावू, फळीवर लाल रंगात वचन लिहू, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला सेवा दिसंल. दिसंल. बराबर हाये. फळी दिसतेच. पण तुमी मघाशी टेम्पोतून उतरल्या उतरल्या काय म्हणलात? की मावशी, आतून सगळं स्टील, झाकणबंद, आधीच्याच्या दळणाचा कणसुद्धा मागं उरत न्हाई. कौतुकानं म्हणलात. अन् मी तवाच ठरवलं, दोऱ्या सोडू द्यायच्या न्हाईत.

काहून? ते विचारा. ही दगडाची गिरणी. एकाचं दळण संपलं तरी दोन दगडांच्या मधी अन् या खालच्या कापडी बाहीत मूठभर पीठ राहतंच. मागून जो येतो त्याच्या डब्यात ते पडतं. म्हणून रीत अशी की एकाचं झालं की बाहीला चार थापट्या मारायच्या, झटकून त्याचं त्याला द्यायचं, मग दुसऱ्याचं ओतायचं. मी झटकते. कुणाची झटकते, कुणाची न्हाई. कुणाच्या मागं कुणाचं ओतायचं ते मी ठरवते, रांग कशीही असू द्या. झालं. हीच माझी सेवा. एवढ्यासाठी एवढं डिझेल जाळून आलात तुमी.

हसू नका. हनुमान अन् दत्तप्रसाद, सख्खे भाऊ, बांधावरच्या एका बोरीपायी पक्के वैरी. पाव्हणा एकाकडं आला तर दुसरा कुत्र्याला उगीच हाणायचा. बायका तर अशा की एक दारात दिसली की दुसरी भिंतीकडं तोंड करून उभी. मी काय केलं? थोरलीचं झालं अन् माझी बाही झटकायची राहूनच गेली. वर धाकटीचं ओतलं. पुढच्या खेपंला उलटं. म्हणलं, खा एकमेकांचं. तोंड पाहू नका, पण खा. आठ दिवसांत दोघं भाऊ मांडीला मांडी लावून सेनगावच्या बाजाराला गेले. — असं काय पाहता? बरं, आठ दिवस न्हाई, दीडेक वर्ष. अन् जीपमधी दुसरी जागा न्हवती म्हणून बसले. उतरले तवा भांडतच उतरले. पण पास्टर, भांडायला तोंड तरी उघडलं ना? त्याआधी तेही बंद व्हतं. अन् त्या साली बोरीची बोरं दोन्ही घरच्या लेकरांनी खाल्ली, हे मात्र खरं हाये, यात मी काही घातलं न्हाई.

तुमी रविवारी एक भाकर मोडता, तुकडा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवता, म्हणता आपण एक. मला ते आवडतं. मी तिथं रडते, तुमी पाहिलंय. पण त्या भाकरीला येतं कोण? बोटावर मोजावी अशी माणसं. माझ्या दारी सगळं गाव येतं. विहाराकडचे धम्मानंद गुरुजी येतात, मेंढरंवाले येतात, तांड्यावरचा प्रेमसिंग येतो, सरपंचाची सून नाकाला पदर लावून येते. अन् या गावात असं एक घर न्हाई की ज्याच्या भाकरीत दुसऱ्या घरची मूठ न्हाई. निव्वळ आपलं असं कुणीच खात न्हाई इथं. त्यांना ते ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाये, अन् देवबापाला.

आता चेहरा काहून असा केला? फसवणूक म्हणता? म्हणा. पण कोण्या दगडाच्या गिरणीत मूठ उरत न्हाई ते दाखवा मला. मी वरून काही टाकत न्हाई, जे जगभर होतं तेच होऊ देते, फक्त डोकं लावून. अन् उपासाची भगर आली की सगळी गिरणी झाडते, पुसते, आधी माझीच मूठभर भगर दळून तो पहिला घाणा माझ्या घरी ठेवते अन् मग बाईची भगर ओतते. कुणाच्या देवाशी मस्करी न्हाई. तिथं माझा हात कधी चुकला न्हाई, विचारा गावात. राहिलं लपवायचं — तर बायबलातल्या, पिठात खमीर लपवणाऱ्या बाईचा दाखला नाताळात तुमीच सांगितला, किती रंगवून सांगितला. तिनं फळी लावली व्हती का दारावर? लपवलंच ना तिनं? अन् प्रभूला आवडली ती. मग माझ्या वेळंला काहून कपाळाला आठी?

तर तुमच्या मशीनमधून एकाचा कण दुसऱ्याकडं जात न्हाई. ज्याचं त्याला. चोख. मग गावानं एकमेकांचं काय खायचं? अन् अनुसयाचं —

कोण अनुसया? कुणी न्हाई. गिऱ्हाईक. लाईट किती वाजता येते म्हणता तुमच्याकडं, हिंगोलीला? इथं तिच्या मनावर हाये. पाणी घ्या.

— ऐका मग. आता एवढं निघालंच तर. सटवाजी माझा भाऊ. सख्खा, पाठचा. मेंढरं हायेत त्याची, पलीकडच्या माळावर घर. मी संतरामशी लग्न केलं, त्याच्या घरची प्रार्थना माझी झाली, पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला, तवापासून सटवाजी माझ्या घरचं पाणी पीत न्हाई. संतराम गेला तवा आला व्हता. रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला, सगळं उरकंपर्यंत, उन्हात, अन् तसाच गेला. पण दळणाला बायकोला, या अनुसयाला, माझ्याकडंच पाठवतो. कसं काय? तर म्हणतो, कोरड्याला विटाळ न्हाई. पाणी लागलं की विटाळ. धान्य कोरडं, पीठ कोरडं, तोवर बहीण चालते. कायदा त्याचा हाये, पास्टर, मी न्हाई केला. मी फक्त त्याच्या कायद्यात जागा शोधली, अन् ती मूठभरच निघाली.

अनुसया आली की मी म्हणते, थांब गं, माझं अर्धवट राहिलंय. अन् माझी ज्वारी ओतते. आमची आई ज्वारीत उडीद घालायची, भाकर काळपट व्हायची पण लोण्यासारखी मऊ. मी तशीच दळते. माझं झालं की बाहीला हात लावत न्हाई. त्याच्यावर तिचं. मूठभर जातं माझं तिकडं. अन् माझी मूठ मोठी हाये, दोन-तीन वाट्या धरा. एकदा गिरणी सुरू असताना ती माझ्या कानाशी आली, तोंड दुसरीकडं करून वरडली, "यांना इथलंच पीठ गोड लागतं. काल भाकर मोडली अन् म्हणले, आईच्या हातची लागली." मी म्हणलं, दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावलीय, त्याच्यानं असंल. मग डोळ्यात पीठ गेलं माझ्या. जातंच ते गिरणीत.

त्या घरात माझा पाय न्हाई, माझं नाव न्हाई, तुमची प्रार्थना तर उंबऱ्याच्याही अलीकडं थांबते. एक मूठ जाते. ती बंद करायला तुमी टेम्पो भरून स्टील आणलं. न्हाई घेत मी. मंडळीला सांगा, निर्मलाबाई मुजोर हाये. सांगा की तिच्याकडं दाखवायला काही न्हाई. फोटो काढायचाच तर या बाहीचा काढा, ठिगळं मोजत बसू द्या त्यांना. मशीन शिरड शहापूरच्या पुजाला द्या, तिला मसाले दळून विकायचे हायेत. मसाल्यात मागचं उरलेलं नको असतं, तिथं शोभंल ते, अन् तिथं कुणाचा भाऊ रुसलेला न्हाई. दगडाला टाकी मला लावता येते, पट्टा मला शिवता येतो. देवानं मला एवढीच जागा दिली, दोन दगडांमधली, अन् मी ती कुणाला झाकण लावू देणार न्हाई. तुमालाही न्हाई.

— आली. बघा, बल्ब लागला.

अन् कोण उभी हाये दारात ते बघा. ये, अनुसया. हे आमचे पास्टर, हिंगोलीचे. निघालेच व्हते. डबा ठेव खाली. थांब जरा, माझं अर्धवट राहिलंय, आधी ते —

काय?

आधी तुझं? अन् माझं त्याच्यावर? — मग तुझी मूठ माझ्या डब्यात येईल, अनुसया. तुला कळतं ना? झटकू नको म्हणतेस? मी झटकणार न्हवतेच. पण तू आज वन्सं म्हणलीस मला. अन् या तुझ्या डब्यात उडीद हायेत. तुमच्या घरी कुठं घालता उडीद? कुणी सांगितलं तुला घालायला?

पास्टर, उठा. बसलात काय. टेम्पो मागं घ्यायला सांगा, दार अडलंय. मोटर सुरू करून राहिले मी, आता कुणाचं कुणाला ऐकू येणार न्हाई — जा तुमी, जा.