केळींवरून उतरलेली होडी

ऐका गो, आमच्या धरणाकाठी होती एक सासू, तिचा मुलगा सुरेश नि समुद्रकाठच्या जयगडची सून शेवंती. सासू म्हणजे मीच. मुंबईची नोकरी सोडून सुरेशने पाहुण्यांना फिरवायला होडी घेतली. हे जमलं नाही, तर तो परत मुंबई गाठणार होता.

पहिल्याच दिवशी होडी धरणाच्या उतारावर अडकली. आम्ही पडलो शेतकरी, बैल ओढावा तशी ओढतोय, पण ती जागची हलेना. पाहुणे घड्याळं बघायला लागले.

शेवंती कोयती घेऊन परसात पळाली, ती माझ्या तीन केळींचे खांब ओढतच आली. एकीला तर घड धरलेला!

"अगो, माझी केळ कापलीस?"

"आई, शिव्या मागाहून घाला. आता ढकला!"

तिने ते ओले खांब होडीखाली आडवे सारले. आम्ही एक धक्का दिला, नि होडी सुळकन पाण्यात!

"आमचे बाबा किनाऱ्यावर असंच करतात," म्हणाली.

सुरेश मुंबईला गेला नाही. यंदा मी वीस केळी लावल्यात. शेजारीण विचारते, "एवढे घड खाणार कोण?"

म्हटलं, "घडांचं कोणाला पडलंय? दुसरी होडी यायची आहे."