दसपट

बाबा: मोठे शब्द नकोत. पाचवीतला पोरगा समज मला. कांडीचं काय झालं?

लेक: पेन्सिलीएवढी कार्बनची कांडी असते, बाबा. मेंदूत निरोप पोचवणारा डोपामिन नावाचा रेणू असतो. द्रावणात तो असला की कांडीच्या टोकाशी किंचित वीज वाहते. ती मोजायची.

बाबा: कळलं. पुढे?

लेक: टोकावर मी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिला. वीज दसपट वाढली. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं.

बाबा: कशाच्या दसपट?

लेक: बिनलेपाच्या कांडीच्या.

बाबा: मग रडतेस कशाला?

लेक: दर वेळी कांडी ओल्या मखमलीवर, पांढऱ्या भुकटीत, आठचा आकडा काढत घासायची असते. लेपाची कांडी मी लेप देण्याआधी घासली. दुसरी तशीच वापरली. आदल्या दिवशीचा मळ होता तिच्यावर.

बाबा: म्हणजे एकाला न्हाऊमाखू घातलंस, नि दुसऱ्याला चिखलातून उचलून शेजारी उभं केलंस?

लेक: हसू नका ना.

बाबा: हसत नाहीये गं. वेंधळेपणा झाला. नंतर घासून पाहिलीस?

लेक: पाहिली. दीडपटसुद्धा फरक नाही.

बाबा: कधी पाहिलीस?

लेक: झाले काही दिवस.

बाबा: बाळा, कधी?

लेक: गेल्या वर्षी.

बाबा: आणि गप्प बसलीस.

लेक: कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या हाताखालच्या मुलीची अख्खी पीएचडी त्या लेपावर आहे. साठ कांड्या केल्या तिने, दसपट काही येत नाही. ‘माझ्यातच खोट आहे’ म्हणते. मी म्हणते, सराव कर. उद्या ती प्रवेश रद्द करायचा अर्ज देतेय.

बाबा: फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून मीही पोरांचे गुण कापलेत. पण दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं. दुसऱ्या दिवशी. फोन कुठेय तुझा?

लेक: आधी आमच्या लॅबच्या सरांना सांगू?

बाबा: सरांना सांग, छापणाऱ्यांना कळव. पण आधी तिला.

(लेक त्या मुलीला फोन लावते.)

मुलगी: ताई? अर्जच लिहितेय.

लेक: फाड तो. तुझं काही चुकलं नाही. दसपट येणारच नव्हती. माझी बिनलेपाची कांडी मळकी होती.

मुलगी: कधी कळलं तुम्हाला?

लेक: वर्ष झालं.

मुलगी: म्हणजे मी जिन्यात रडत बसले होते, तुम्ही पाणी आणून दिलंत, पाठीवर हात ठेवलात… तेव्हा?

लेक: तेव्हा माहीत होतं.