लोटनचं नाव

बेचाळीसची दिवाळी नुकतीच सरली होती. हाशमचा टांगा जळगाव स्टेशनावरून मेहरूणच्या लग्नघराकडे निघाला. मागे नवरीची आई भागाबाई आणि ती स्वतः ज्याला आणायला आली होती तो तिचा भाऊ, झुलाल मास्तर. मास्तरांच्या हातात एक कागद होता.

"अक्का, चार ओळींचं भाषण, तरी पाठ होत नाही."

"त्यामां लोटननं नाव शे का?"

"पोरीनं पत्रात लिहिलंय, मामा, मांडवात माझ्या भावाचं नाव घ्या."

"त्यानं नाव नको लेऊ. दारमां पोलीस हुभा शे, बठ्ठं, शब्दन् शब्द लिखी ऱ्हायना. मना पोर तुरुंगमां शे. तू बी गया ते मी कोनाकडे देखू?"

"माझी शाळाही सरकारीच."

"मंग फाडी टाक तो कागद."

टर्रकन आवाज झाला. हाशमने मागे वळून पाहिलं नाही.

अक्षता पडल्या तेव्हा तो परतीच्या सवारीसाठी मांडवाबाहेर उभा होता. शेजारीच पोलीस शिपाई. आतून मास्तरांचा आवाज अडखळत आला.

"पोरी, सुखानं नांद. तुझा भाऊ लोटन धुळ्याच्या तुरुंगात आहे. त्याच्या वाटच्या अक्षताही मीच टाकल्या."

आत भागाबाईचा हुंदका फुटला.

शिपायाने पेन्सिल जिभेला लावली.

"मास्तर 'लोटन' असं म्हणाला ना रे? साक्षीला तुझं नाव लिहितो."

हाशमने टांग्याचा दांडा घट्ट धरला.

"मला कुठं ऐकू आलं, साहेब? माझा घोडा फुरफुरत होता."