इंजिन बसलं

मामा: तू जन्मलीस त्या साली हे इंजिन गाडीतून उतरवलं, आणि तुझ्या केसांत पांढरं डोकावायला लागल्यावर परत चढतंय. इतकी वर्षं थांबलंय, अजून जरा थांबेल. साखळी सावकाश सोड.

ठकी: सावकाशच सोडतेय. तूच मघापासून खाली-खाली करतोयस.

मामा: खाली म्हणजे बोटभर. तू विहिरीत पोहरा सोडल्यासारखी सोडतेस.

ठकी: साखळी तेलकट आहे, हातातून सटकतेय.

मामा: लोकांच्या तोंडात मशीन घालताना नाही काही सटकत?

ठकी: लोकांची तोंडं साखळीला टांगलेली नसतात, मामा.

मामा: हां, तिथंच थांब. आता दोघांनी मिळून मागं ढकलायचं. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या क्लच प्लेटमध्ये शिरला, याचे दात त्याच्या दातांत बसले, की सुटलो. दातांचं काम आहे, म्हणजे तुझंच.

ठकी: बघ ना कसं दिसतंय. शेडच्या कोपऱ्यात गंजून पडलेलं धूड होतं. हिरवा रंग काय खुललाय. मला काल झोपच आली नाही.

मामा: मला तरी कुठं आली. पहाटे येऊन बघून गेलो. गोधडी उचलून पाहिलं, तान्हं मूल झोपलंय का बघतात तसं.

आई: माझं लाटणं कुठं आहे?

ठकी: आई, आत येऊ नकोस. डोक्यावर साखळी आहे.

आई: दारातच उभी आहे. परवापासून लाटणं सापडत नाही.

मामा: अक्का, इथं इंजिन अधांतरी लटकलंय आणि तुला लाटणं सुचतंय.

आई: तुझं इंजिन अधांतरी, माझा स्वयंपाक अधांतरी. दोन दिवस बाटलीनं लाटतेय. पोळ्या खाताना कुणाला काही वाटत नाही, वर जिभेला हाड नसल्यासारखे त्यांनाच नकाशे म्हणता.

मामा: लाटण्याचं नंतर सांगतो.

आई: म्हणजे तुला माहीत आहे.

मामा: नंतर म्हटलं ना.

आई: बरं, आज चालू होईल का तेवढं तरी सांग.

मामा: होईल.

आई: मागच्या महिन्यातही होईल म्हणालास. तेव्हा मला फाटकावरचा आकडा वाचता येत होता.

ठकी: परवा डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले, ते तू मला धड सांगितलंच नाहीस.

आई: सांगण्यासारखं काय. मधलं जाणार, कडेकडेचं राहणार. उजव्याचं गेलंच. डावा धरून आहे तोवर आहे. मला काही रस्त्यावर जायचं नाही. वडिलांच्या गाडीचं चाक हातात, बॉनेट डोळ्यांसमोर, आणि आवारात एक फेरी. दिसतंय तोवर. एवढंच मागितलं होतं.

मामा: मिळेल, अक्का.

आई: मग हात चालव. तोंड काय, जन्मभर चालतंय.

मामा: ऐकलंस? अशीच होती लहानपणापासून. वडील गुरांचे डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली की गाडी काढायची. हिला चाकावर बसवून, स्वतः शेजारी बसून चालवायला शिकवली. आणि मला काय शिकवलं?

ठकी: ढकलायला.

मामा: ढकलायला. सकाळी थंडीत चालू व्हायची नाही, की हाक यायची. या गाडीत मी बसलो कमी आणि ढकलली जास्त.

आई: तुझे पाय पोचत नव्हते रे ब्रेकपर्यंत.

मामा: नंतर पोचले ना. तोवर ढकलायची सवय लागली सगळ्यांना. माझी मला पण. चल ठकी, लाव जोर.

ठकी: लावतेय. जात नाही.

मामा: अजून लाव.

ठकी: मामा, अडतंय. चार बोटं फट राहिलीय.

मामा: दात जुळत नसतील. मी पुढून इंजिन किंचित फिरवतो, तू मागं रेट. आता?

ठकी: नाही.

मामा: आता?

ठकी: तसूभर नाही. चार बोटं म्हणजे चारच बोटं.

मामा: मग बोल्ट लावू. चारी बाजूंनी थोडं-थोडं आवळत आणलं, की येईल मुकाट्यानं.

ठकी: ओढून आणायचं?

मामा: लेथवर आयुष्य काढलंय मी. लोखंडाला कधी समजवायचं आणि कधी दटावायचं ते कळतं मला. दे तो सतराचा पाना.

ठकी: दात आत जात नसेल तर मी हातोडी मारत नाही. आधी आतला फोटो काढते.

मामा: इथं कुठला फोटो. दे पाना.

आई: पाना राहू दे. तू आधी सांग, लाटणं कुठं आहे?

मामा: अक्का, तुझं एक… अगं, क्लच प्लेट बरोब्बर मधोमध धरायला मापाचं लाकूड लागत होतं. तुझ्या लाटण्याची मूठ अशी मापात बसली की काय सांगू. शिसवीचं लाकूड, जरा पातळ केलं, करवतीनं तुकडा काढला—

आई: माझ्या लाटण्यावर करवत चालवलीस?

मामा: तुझ्याच फेरीसाठी.

आई: आणि तो तुकडा आता कुठं आहे?

ठकी: मामा.

मामा: काय?

ठकी: तो तुकडा कुठं आहे?

मामा: असेल की टेबलावर.

ठकी: टेबलावर नाही. माझी बॅग दे. ती नाही, छोटी. तोंडात बघायचा आरसा आहे तिच्यात. हां. आणि तुझा टॉर्च इकडं धर. फटीत. अजून वर.

मामा: काय दिसतंय?

ठकी: कीड नाही. हिरड्याही ठीक आहेत.

मामा: ठकी, नाटकं करू नकोस.

ठकी: लाकूड दिसतंय, मामा. क्लच प्लेटच्या मधोमध, तू ठोकून बसवलंस तिथंच.

मामा: अरे देवा.

आई: मुसळ केरात ऐकलं होतं. लाटणं इंजिनात आजच ऐकलं.

मामा: हस. हस पोटभर. बोल्ट आवळले असते ना, तर गिअरबॉक्सचं बिडाचं कवच तडकलं असतं. वडिलांच्या वेळचं ओतकाम ते. तसं दुसरं कुठं मिळणार?

आई: आणि माझी फेरी?

मामा: फेरी कसली. संपलंच होतं सगळं.

ठकी: लेथवर आयुष्य काढलंय म्हणे.

मामा: काढलंय. पण लेथवर आत राहिलेलं लाटणं दिसतं. ओढ साखळी. पुढं घे इंजिन. पक्कड कुठाय? अक्का, तू जा घरात, चहा टाक. तू उभी राहिलीस की वडीलच मागं उभे आहेत असं वाटतं.

आई: जाते. पण ती मूठ फेकून देऊ नका.

मामा: फेकतोय कशाला. आरशाला टांगतो गाडीच्या. रोज बघीन आणि रोज अक्कल येईल.

ठकी: निघाली. ही घे.

मामा: चला आता. मागं. मागं. मी पुढून फिरवतो. हळू.

ठकी: जातंय. मामा, जातंय आपलं आपण. ढकलावंही लागत नाही. तीन बोटं. दोन.

मामा: बोलू नकोस, ऐकू दे.

ठकी: टक्‌ झालं. ऐकलंस?

मामा: ऐकलं.

ठकी: फट गेली. कागद जायचा नाही. मामा, बसलं. आई, ए आई, इंजिन बसलं. बसलं इंजिन.

मामा: हळू, शेजारचे धावत येतील.

ठकी: येऊ देत. आई, ऐकलंस का? अगं, पायरीवर का बसलीस अशी?

आई: मला वाटलंच होतं. जाऊ दे. तुम्ही केलं तेवढं केलंत.

ठकी: अगं, काय जाऊ दे?

आई: बसलं म्हणालीस ना. तुझ्या वेळी मला कळा येत होत्या, मी मागच्या सीटवर, आणि तुझा बाप बॉनेट उघडून याच आवाजात म्हणाला, इंजिन बसलं. तेल न बघता चढण चढवली होती. तो शब्द कानात राहिला माझ्या.

मामा: आणि तिथून दवाखान्यापर्यंत गाडी कुणी ढकलली?

आई: तू. हिच्या दर वाढदिवसाला सांगतोस.

ठकी: आई, ते बसलं नाही गं. हे बसलं. जागेवर बसलं. चपखल.

मामा: तेव्हाचं बसलं म्हणजे मेलं. आजचं बसलं म्हणजे घरी परत आलं.

आई: मग दुसरा शब्द वापरत जा की.

मामा: दुसरा शब्दच नाही, अक्का. मी काय करू.

आई: खरंच बसलं?

ठकी: ये, हात लावून बघ. इथं. फट सापडते का?

आई: नाही सापडत. गार आहे किती.

मामा: गार कशाला ठेवतो. ठकी, तारा जोडायला घे. मी पाण्याच्या नळ्या बघतो. चहा इथंच आण, अक्का, आणि त्या बाटलीनं लाटलेल्या पोळ्या असतील तर त्याही. मोटार चालू झाल्याशिवाय मी आता या शेडच्या बाहेर पडत नाही.

ठकी: पोळ्या संपल्या, चहा दोनदा झाला, ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. अजून काय राहिलंय?

मामा: तेल?

ठकी: भरलं. पट्टी तीनदा बघितली. आपल्या घरात तेल न बघण्याची हौस फिटलीय.

मामा: पाणी? पेट्रोल? साखळी काढली? बॉनेट लावलं? लाटणं?

आई: लाटणं माझ्या हातात आहे. उरलेलं.

मामा: मग हँडल मारतो.

ठकी: तू नाही, मी. सकाळपासून कमरेला हात लावून फिरतोयस.

मामा: मार. पण अंगठा बोटांच्या बाजूनंच ठेव, मुठीत वळवू नकोस. उलटं फिरलं तर अंगठा घेऊन जाईल, आणि त्या अंगठ्यावर पोट आहे तुझं. अक्का, तू चाकामागं बस आणि चोक ओढ. गिअर बघ, मोकळा आहे ना?

आई: मोकळा आहे. तू मला शिकवू नकोस.

ठकी: एकदा मारलं.

मामा: काही नाही. परत.

ठकी: नुसतं खोकलं.

मामा: खोकलं म्हणजे जीव आहे. घसा साफ करतंय. परत, एका दमात.

ठकी: मामा, लागलं. लागलं, बघ, चालू…

मामा: चोक सोड, अक्का. हळूच सोड. थोडी रेस दे. एवढी नको. हां. हां.

ठकी: काय बोलतोयस, ऐकू येत नाही.

मामा: म्हटलं, धूर बघ काय निघतोय. चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा.

आई: जाईल तो. तेल जळतंय नवं. आवाज ऐका. चौथा सिलिंडर थोडा मागं राहतोय.

मामा: राहतोय. पण आला तोही. आला बघ रांगेत.

ठकी: मामा, तू रडतोयस?

मामा: धूर आहे.

आई: दार उघडा शेडचं. ठकी, तू मागं बस, आणि काही अडलं तर मोठ्यानं सांग. अरे, तू कुठं निघालास?

मामा: मागं.

आई: मागं कशाला?

मामा: ढकलायला.

आई: चालू आहे ती. ये इकडं. बस.

मामा: कुठं?

आई: माझ्या शेजारी. वडिलांच्या जागेवर. दार जरा आपटून लाव, सैल आहे.

ठकी: मामा बसला.

मामा: गप बस गं.

आई: क्लच कसा मऊ लागतोय. निघाले मी. पुढं कोण नाही ना?

ठकी: कोणी नाही. सरळ. फाटक लावलंय, त्याच्या अलीकडं वळायचं.

मामा: आता डावीकडं घे, अक्का.

आई: मला दिसतंय. पाण्याच्या टाकीचं ते झाकण चमकतंय ना बॉनेटच्या टोकाला, त्याच्यावर नेम धरायचा आणि वळायचं, असं वडील सांगायचे. झाकण दिसतंय. त्याच्यापलीकडं धुकं आहे, पण झाकण दिसतंय.

मामा: इथून आवार केवढं मोठं वाटतं. मागून नुसता नंबरप्लेटचा लोखंडी तुकडा दिसायचा मला.

ठकी: आई, झाली फेरी. शेड आली.

आई: मग?

ठकी: एकच फेरी म्हणाली होतीस.

आई: मोजायला बसवलंय का तुला मागं?

मामा: जाऊ दे गं, ठकी. घे अक्का, परत डावीकडं घे.

(पुढच्या वर्षी, त्याच आवारात. जुन्या गाडीची नोंदणी नवी करून द्यायच्या आधी तपासणीला आलेला निरीक्षक बॉनेटवर वाकून उभा आहे.)

निरीक्षक: इंजिन मूळचंच आहे?

ठकी: मूळचंच. नंबर जुळवून बघा.

निरीक्षक: बघितला. आवाज सुरेख आहे हो. चालवतं कोण?

ठकी: मी.

आई: आता हीच. मी शेजारी बसते. मला दिसत नाही, पण चौथा मागं राहिला की पहिल्यांदा मलाच कळतं.

निरीक्षक: आणि हे आरशाला काय टांगलंय? लाकूड?

ठकी: लाटण्याची मूठ.

निरीक्षक: ती कशाला?

आई: इंजिन बसत नव्हतं म्हणून.

निरीक्षक: समजलं नाही मला. बरं, बसवलं कुणी? माझ्या मेहुण्याची एक अशीच गाडी पडून आहे. असलं काम करणारी माणसं आता मिळत नाहीत. त्यांचा नंबर दिलात तर बरं होईल.

आई: माझ्या धाकट्या भावानं बसवलं. तो मार्चच्या अकरा तारखेला गेला.