मागे कढई आहे

दवाखान्यात पट्टी बदलायला आलेल्यांच्या रांगेत मी बसलो होतो. शेजारी एका हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या मावशी होत्या, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. त्यांच्या पलीकडे त्या हॉटेलची मालकीण.

“मावशी, तुम्ही आधी बऱ्या व्हा. त्या पोरीला मी आजच काढून टाकते.”

“तिला काढलंत तर मीही येणार नाही, ताई.”

“अहो, उकळतं तेल सांडलंय तिने तुमच्या हातावर.”

“ती कढई उतरवून वळली आणि मी नेमकी मागे होते. गरम भांडं घेऊन वळताना ओरडून सांगायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.”

“एवढं साधं कळू नये?”

“मला तरी कुठे कळत होतं? तुमच्या आईंनी महिनाभर शेगडीजवळ फिरकू दिलं नव्हतं मला. नुसतं बघ म्हणाल्या. हिला तुम्ही दुसऱ्याच दिवशी तळणाला उभं केलंत.”

“काय करू? माणसं टिकत नाहीत. शिकवून तयार केली की सोडून जातात.”

“आता तर शिकायच्या आधीच पळतायत.”

मालकिणीने मावशींच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

“कुठे आहे ती?”

“खाली, दरवाजापाशी. रोज माझ्यासोबत येते, मला घास भरवते. आज तुमची गाडी बघून वर आली नाही.”

“मी जाते खाली. रागावणार नाही. पण तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करू?”

“आधी तिचं नाव विचारा.”